बादल्यांचा वॉर्ड

"पास म्हणालास ना? मग हो खाली उभा."

एक्कावन्न वर्षं हा आवाज पूलमास्तरांच्या कानात बिऱ्हाड करून होता. उस्तादांचा आवाज, कवायतीच्या मैदानावर ओरडून ओरडून खरखरीत झालेला. तेव्हा मास्तर मास्तर नव्हते. विशीतलं काटकुळं पोर होतं, सैन्यात नवंनवं भरती झालेलं. नदीवर टाकलेल्या पुलाचे बोल्ट आवळून झाल्यावर त्यानं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, पूल पास आहे. पूल बांधणाऱ्या तुकडीची रीत त्याला कुणी सांगितली नव्हती. ज्यानं पूल पास केला, त्यानं पहिली भरलेली लॉरी वरून जाईस्तोवर पुलाखाली उभं राहायचं. उस्तादांनी नुसतं बोट दाखवलं आणि पोर मांडीभर पाण्यात उतरलं. वरून लॉरी आली. फळ्या कण्हल्या, मानेवर धूळ पडली, आणि लॉरी पलीकडे गेली. पूल राहिला, पोरही राहिलं. तेव्हापासून 'पास' म्हणण्याआधी मास्तर प्रत्येक बोल्टाला दोनदा हात लावून बघत. विचार न करता बोलून गेले ते आयुष्यात एकदाच, आणि तेही म्हातारपणी, निवृत्त सैनिकांच्या इस्पितळात, गुडघ्यावर पांघरूण असताना.

म्हणून तर ते नवव्या खाटेवर झोपत.

नववी खाट पश्चिम वॉर्डाच्या कोपऱ्यात होती आणि तिच्या बरोबर डोक्यावर, गच्चीत, पाण्याची टाकी होती. टाकी म्हातारी झालेली. म्हाताऱ्यांचं होतं तेच तिचंही झालं होतं, पाणी धरवत नव्हतं. छतातल्या भेगेतून थेंब निघायचा, क्षणभर लोंबकळायचा, खाली कोण आहे ते बघितल्यासारखं करायचा आणि मग सुटायचा. ओल भिंतीवरून उतरत उतरत खिडकीपर्यंत पोचली होती. गिलाव्याचे पोपडे सुटले होते आणि कोपऱ्यात काळपट हिरव्या बुरशीनं आपला स्वतंत्र नकाशा काढायला घेतला होता. दर आठवड्याला ती एखादा नवा मुलूख जिंकायची.

खाली सहा बादल्या मांडलेल्या. वॉर्डातल्या अकराही जणांचं उभं आयुष्य सैन्यात गेलेलं, तेव्हा बादल्यांनाही हुद्दे मिळाले होते. सगळ्यांत मोठी होती तिला जनरल म्हणत, कान तुटलेली होती ती कर्नल, आणि बाकीच्या साध्या शिपाई. जनरल भरला की त्याला दोघांनी मिळून, पाय जुळवून, मानानं मोरीपर्यंत पोचवायचा. शिपायाला काय, कुणीही एका हातानं न्यावं.

या सगळ्याची गाणी करायचं काम बिगुलवाल्यांकडे होतं. त्यांची खाट आठवी, मास्तरांच्या शेजारची. सकाळी दात घासता घासता ते म्हणत:

छपराला भोक बाई, भोकाखाली बादली
टपटप अंगाईनं म्हाताऱ्याला झोप लागली

आणि मोठा डॉक्टर फेरीवर आला की त्याला ऐकू जाईल एवढ्या बेतानं:

छपराला भोक बाई, साहेब म्हणे दिसेना
साहेबाच्या टोपीवरती थेंब काही बसेना

गाणं पुरं व्हायच्या आत खोकला यायचा. ज्या फुप्फुसांनी एके काळी पहाटे हजार हजार माणसं अंथरुणातून उठवली, त्यांच्यात आता चहा फुंकण्याएवढंही वारं उरलं नव्हतं. चहा मास्तर फुंकून देत. फुंकताना बिगुलवाले वर सूचना करत, की अरे, सूर लाव जरा, नुसता काय भात्यासारखा फुसफुसतोयस.

दोघांची ओळख सहा वर्षांची, या वॉर्डातलीच. बुद्धिबळात रोज भांडण, रेडिओवर रोज भांडण आणि संध्याकाळी खिडकीपाशी दोन खुर्च्या मात्र एकमेकींना चिकटलेल्या. मास्तरांची लेक परगावी होती, बिगुलवाल्यांचं कुणीच नव्हतं. लेकीची पत्रं यायची ती दोघांच्या नावानं. 'बाबांना आणि काकांना' असा मायना.

गेल्या आठवड्यात डॉक्टरनं बिगुलवाल्यांची छाती तपासली आणि मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, की ही ओल अशीच राहिली तर थंडी निभणार नाही. महिनाअखेरीस त्यांना डोंगरातल्या कोरड्या हवेच्या इस्पितळात हलवावं लागेल. आगगाडीनं दीड दिवसाची वाट. तिथं हवा छान आहे, असंही तो म्हणाला. बिगुलवाल्यांना कळल्यावर ते म्हणाले, हवा छान असेल रे, पण हवेला बुद्धिबळात हरवता येत नाही. आणि हसले. मास्तरांना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कारण वॉर्ड ओला का राहिला हे त्यांना ठाऊक होतं. वॉर्डात दुसऱ्या कुणालाही ते ठाऊक नव्हतं.

वर्षापूर्वी तीन साहेबांची समिती आली होती. कुठल्या वॉर्डाची डागडुजी करायची ते ठरवायला. वॉर्डातली रीत अशी की साहेबापुढं सगळ्यांत जुन्या माणसानं बोलायचं, बाकीच्यांनी सरळ उभं राहायचं, आणि जुन्याच्या बोलण्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. नोकरीचा काळ धरला तर सगळ्यांत जुने मास्तर. साहेबांनी विचारलं, काही त्रास? मास्तरांच्या डोक्यात टाकी होती, भेग होती, ओलीचा उतार किती अंशाचा आहे तोही हिशेब तयार होता. पण जिभेला कुणी विचारलंच नाही. साहेब समोर दिसला आणि तिनं परस्पर जबाब देऊन टाकला: सर्व उत्तम, साहेब. सैनिकाला साहेबापुढे दुखत नसतं हे ती पन्नास वर्षं घोकत आली होती, एका दिवसात कशी विसरणार.

तीन महिन्यांनी कचेरीतल्या कारकुनानं बोलता बोलता सांगितलं, की डागडुजीच्या यादीत तेरा वॉर्ड होते, बारा राहिले. पश्चिम वॉर्डावर रेघ मारली, आणि शेजारी कारण लिहिलं, 'रुग्णांची तक्रार नाही'. त्याच दुपारी मास्तरांनी आपली कोरडी आठवी खाट सोडली आणि हट्ट धरून नववीवर आले. तोवर तिथं बिगुलवाले झोपत. त्यांना उचलून आठवीवर टाकलं. लोकांना वाटलं, काय जिव्हाळा. बिगुलवाल्यांनी तर त्यावर चार ओळी रचल्या, त्यात मास्तरांना छत्रीची उपमा दिली. मास्तर ऐकत बसले आणि थेंब डाव्या कानावर घेत राहिले. दोस्ताला खरं सांगायला दहादा तोंड उघडलं, दहादा मिटलं.

तर असं चाललेलं असताना बातमी आली, की मंत्रीबाई स्वतः येणार.

ही करामत मोठ्या सिस्टरांची. त्यांनी मंत्रालयाला तीन पत्रं पाठवली, तिन्हींना पोच आली, उत्तर एकालाही नाही. चौथं पत्र त्यांनी विरोधी बाकावरच्या एका सभासदाला पाठवलं आणि सोबत जनरलचा फोटो जोडला, काठोकाठ भरलेल्या अवस्थेतला. सभागृहात प्रश्न आला. सैनिकांच्या इस्पितळाची ही दशा कुणामुळे? उत्तर सोमवारी द्यायचं होतं. त्याआधी आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून बाई गुरुवारी निघाल्या.

सिस्टर बुटक्या, गोल, आणि चालल्या की किल्ल्यांचा जुडगा वाजायचा. त्या सकाळीच वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि बजावून गेल्या, की आज एकाही बादलीला हात लावायचा नाही. पोपडे झाडायचे नाहीत. चादरी ओल्या तर ओल्या. बाईंना आहे तसं दिसलं पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. बिगुलवाल्यांनी वर भर घातली, की मी तर ठेवणीतला खोकला राखून ठेवलाय. सिस्टर खूश होऊन फाटकावर गेल्या.

सगळं ठीक झालं असतं. पण तासाभरानं भिंतीवरचा कर्णा खरखरला आणि कचेरीतून कुणीतरी वाचून दाखवलं: सर्व वॉर्डांनी लक्ष द्यावे, अकरा वाजता तपासणी.

तपासणी. बस, तेवढा एकच शब्द.

अकरा म्हाताऱ्यांचे अकरा कणे ताठ झाले. ज्याला सकाळपासून चप्पल सापडत नव्हती त्याला ती सापडली. कुणी कुणाला हुकूम दिला नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. चादरींच्या घड्या अशा ताणल्या गेल्या की वर नाणं टाकलं तर उडावं. चाकाच्या खुर्चीतले मोटारवाले, ज्यांचं चाक रोज फुटक्या फरशीत अडकायचं आणि रोज फरशीच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, त्यांनी स्वतः त्या फुटक्या फरशीवर पायपुसणं नीट अंथरलं.

आणि रंगारी उठले. लढाईच्या दिवसांत त्यांचं काम होतं तोफेला झुडूप करायचं आणि ट्रकला झोपडी. त्यांनी रंगवलेली एक तोफ एकदा आपल्याच माणसांना तीन दिवस सापडली नव्हती, असा त्यांचा लौकिक होता. चुन्याची डबी, चहाचं पाणी, बुटाचं पॉलिश आणि दाढीचा ब्रश एवढ्या सामानावर त्यांनी भिंत हाती घेतली. बघता बघता बुरशीचं राज्य बुडालं. तिच्या जागी खिडकीच्या गजांची सावली पडली, इतकी खरी, की मोटारवाल्यांनी वळून ऊन कुठून येतंय ते बघितलं.

बादल्यांचं काय करायचं? अकरावी खाट रिकामी होती, तिचा मालक तेवढ्यात एक्स-रेसाठी खाली गेलेला. सहाही बादल्या त्या खाटेवर आडव्या निजवल्या, जनरल उशाशी, शिपाई पायाशी, आणि डोक्यावरून पांघरूण. रोगी छान दिसत होता. जरा पोट सुटलेला, एवढंच.

राहिला थेंब. तेवढा थांबवायला मात्र पुलावरचाच माणूस हवा होता. मास्तरांनी साबणाची वडी मागितली, मेणबत्ती मागितली, जुनं बनियन फाडलं. खाटेवर स्टूल, स्टुलावर मास्तर, आणि दोघांनी त्यांचे पाय धरलेले. चिंधीला साबण चोळून, वरून मेण थापून त्यांनी ती भेगेत अशी ठासली, की थेंब जागच्या जागी गप्प. खाली एक शेपूट तेवढं लोंबत ठेवलं. बूच काढायचं टोक ठेवल्याशिवाय बूच मारू नये, ही कारागिराची सवय. हात पुसत ते खाली उतरले. वॉर्ड लखलखत होता. बिगुलवाल्यांनी खोकल्याचं भांडंसुद्धा कपाटात दडवलं होतं. मास्तर समाधानानं म्हणाले, वा.

आणि मग कानात उस्तादांचा तोच जुना आवाज बोलला. त्यांनी छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पोट सुटलेल्या रोग्याकडे बघितलं. सिस्टर काय सांगून गेल्या होत्या ते आता आठवलं. रंगाऱ्यांनाही त्याच घटकेला आठवलं असावं, कारण ते ब्रशकडे असं बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मोटारवाले हळूच म्हणाले, की आपण बहुतेक गाढवपणा केला. पण जिन्यावर बुटांचा आवाज आला होता. अकरा... नव्हे, दहा माणसं आणि सहा बादल्या जागच्या जागी सावध झाल्या.

मंत्रीबाई पन्नाशीच्या, साध्या, थोड्या दमलेल्या. मागं त्यांचे सचिव, छातीशी फाइल. त्यांच्यामागं इस्पितळाचे अधीक्षक, आणि सगळ्यांत शेवटी सिस्टर. सिस्टरांनी दारातून आत पाहिलं आणि किल्ल्यांचा आवाज थांबला. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे असं काही बघितलं, की तोफा अंगावर घेतलेली माणसं पायाच्या अंगठ्यांकडे बघू लागली.

बाईंचा चेहरा मात्र खुलला. अधीक्षक म्हणाले की फोटो जुना असावा, आणि वॉर्ड बघून त्यांचं त्यांनाच ते खरं वाटलं. सचिवांनी फाइलीत बरोबरची खूण केली. बाई अकराव्या खाटेपाशी थांबल्या, यांना काय झालंय असं त्यांनी कुजबुजत विचारलं. मोटारवाल्यांनी तितक्याच हळू आवाजात सांगितलं, की पोटात पाणी झालंय, आत्ताच डोळा लागलाय. बाईंनी पांघरुणाची कड जरा सारखी केली आणि पुढं चवड्यांवर चालत आल्या.

मग त्या मास्तरांसमोर उभ्या राहिल्या. तुम्हीच इथले सगळ्यांत जुने ना, असं विचारलं. आणि पुढं तोच प्रश्न, काही त्रास आहे का?

"सर्व उत्तम, बाईसाहेब," मास्तर म्हणाले.

म्हणजे जीभ म्हणाली. मास्तर अजून विचारच करत होते. बाई हसल्या, मान हलवली, वळायला लागल्या. सोमवारचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

तेवढ्यात मास्तरांची नजर शेजारी गेली. बिगुलवाले ताठ उभे होते. मानेच्या शिरा फुगलेल्या, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तपासणीत खोकायचं नसतं, म्हणून तो माणूस आतल्या आत खोकला दाबून धरत होता. ठेवणीतला म्हणून राखलेला खोकलाही त्यानं साहेबापुढं आवळून ठेवला होता. अजून दोन आठवडे, आणि मग आगगाडी.

"खोटं," मास्तर म्हणाले. "बाईसाहेब, मी आत्ता बोललो ते खोटं होतं. बिगुल, खोक. मोकळेपणानं खोक."

बिगुलवाले खोकले. असे खोकले की खिडकीच्या काचा थरारल्या. आणि मास्तरांनी काठी उचलली, तिच्या वाकड्या मुठीत चिंधीचं शेपूट अडकवलं आणि ओढलं.

दोन तासांचं तुंबलेलं पाणी एकदम खाली आलं. त्यातलं थोडं नवव्या खाटेवर, बरंचसं सचिवांच्या फाइलीवर आणि ओंजळभर बाईंच्या खांद्यावर. रंगाऱ्यांची गजांची सावली भिंतीवरून वाहू लागली आणि तिच्याखालून बुरशी पुन्हा आपल्या राज्यावर बसली. मोटारवाल्यांनी अकराव्या रोग्याचं पांघरूण ओढलं, आणि वर्षभराची सवय कामी आली: जनरल, कर्नल, शिपाई हातोहात निघाले आणि बारा-पंधरा सेकंदांत सगळे आपापल्या ठाण्यावर. टप. टप. टण्‌.

बाई तशाच ओल्या खांद्यानं बादल्यांकडे बघत राहिल्या.

"मी ज्यांना पांघरूण घातलं," त्या म्हणाल्या, "ते हेच का?"

पोटात पाणी झालंय हे काही खोटं नव्हतं, असं मोटारवाले पुटपुटले. बाईंना हसू आवरेना. त्या हसल्या म्हणून अधीक्षक हसले, आणि सगळ्यांत शेवटी, नाइलाजानं, पण पोट धरून, सिस्टर.

हसणं ओसरल्यावर मात्र कुणामुळे हा प्रश्न वॉर्डात उभा राहिला, आणि त्याला बसायला जागा कुणी देईना. अधीक्षक म्हणाले, मी प्रस्ताव बांधकाम खात्याला पाठवला होता. सचिव फाइल झटकत म्हणाले, बांधकाम खात्यानं यादी केली होती, पण टाकी मुळात आधीच्या सरकारच्या काळातली, ठेकेदार त्यांचा, आणि शिवाय समिती नेमली होती, समितीचा अहवाल स्पष्ट आहे. ओल्या पानांतून त्यांनी ते पान काढलं आणि वाचलं: रुग्णांची तक्रार नाही. म्हणजे बघता बघता गोष्ट आधीच्या सरकारवरून निघून रुग्णांपाशी येऊन पोचली.

"ते वाक्य माझं आहे," मास्तर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. मास्तरांनी मात्र बिगुलवाल्यांकडे तोंड केलं, बाईंकडे नाही. त्यांनी सांगितलं, की वर्षापूर्वी साहेबांना सर्व उत्तम असं मीच म्हणालो. त्या एका शब्दावर आपला वॉर्ड यादीतून गेला. मला नऊ महिन्यांपासून माहीत आहे. तुझ्या छातीत जी ओल बसलीय ती मी बसवलीय. नववी खाट मी मागून घेतली ती तुझ्यासाठी नव्हे, शिक्षा म्हणून.

बिगुलवाल्यांनी दम घेतला.

"म्हणजे मी नऊ महिने एका गुन्हेगाराला छत्री म्हणत होतो," ते म्हणाले. "चार ओळी फुकट गेल्या की रे माझ्या. आणि तू एकटा कसा म्हणालास? आम्ही दहा जण काय मुके होतो? तुझ्यामागं ताठ उभं राहून आम्हीही उत्तमच म्हणत होतो की. चल, आता चहा फुंकायचं काम जन्मभराचं लागलं तुला."

मास्तरांनी नाक पुसलं. काठीच्या मुठीनंच पुसलं, कारण रुमाल हाताला लागत नव्हता.

बाई कामाला लागल्या. त्यांनी सिस्टरांना विचारलं, इस्पितळात कोरडी, उन्हाची, मोठी जागा कुठली? सिस्टर जणू वर्षभर याच प्रश्नाची वाट बघत होत्या. त्यांनी सांगितलं, की खालचं पाहुण्यांचं दालन, आपण मघाशी चहा घेतला ते. दक्षिणेला खिडक्या, लाकडी जमीन, वर्षातून दोनदा उघडतं. बाई म्हणाल्या, दुपारच्या आत सगळ्या खाटा तिथं. टाकीचा नळ आत्ता बंद. आठव्या खाटेच्या पेशंटला कुठंही पाठवायचं नाही. अधीक्षक होय होय म्हणत धावले. सचिवांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. प्रश्न मिटला, फोटो चांगला येईल, फाइल वाळवता येईल.

सिस्टरांनी किल्ली काढलीसुद्धा. पण मास्तर जागचे हलले नव्हते.

"बाईसाहेब, उपकार झाले," ते म्हणाले. "पण एक राहिलं. माझ्या शब्दावर रेघ ओढली गेली, तो शब्द कुणाचा ते मी सांगितलं. रेघ कुणाची ते नाही कळलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या वॉर्डावर ती ओढली जाईल, तेव्हा त्यांनी कुणाचं दार वाजवायचं?"

सचिव म्हणाले, समितीचं. मग म्हणाले, खात्याचं. मग त्यांना एकदम आठवलं, की बाईंची पुढची वेळ होत आली आहे.

बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. त्या नवव्या खाटेच्या कडेवर बसल्या, ओल्या चादरीवर. नळ बंद झाला होता. थेंब आता सावकाश पडत होता.

"रेघ माझी आहे," त्या म्हणाल्या. "समितीची नाही, खात्याची नाही, आधीच्या सरकारची तर नाहीच. तेराचे बारा करायचे होते, आणि ते मी केले."

सचिवांनी तोंड उघडलं. बाई त्यांच्याकडे न बघताच पुढं बोलत राहिल्या.

"आणि ती रेघ मी फसून ओढलेली नाही. मंत्री होण्याआधी बावीस वर्षं मी शाळेत शिकवत होते. अख्ख्या वर्गाची एकही तक्रार नसेल, तर वर्ग काहीतरी लपवतोय, हे शिक्षकाला दारातच कळतं. तुमचं ते वाक्य वाचलं, तेव्हा मलाही कळलं होतं. तरी मी ते खरं धरलं, कारण ते सोयीचं होतं. सोमवारी सभागृहात मी हेच सांगणार आहे. पण ऐकायचा पहिला हक्क तुमचा. मास्तर, मला माहीत होतं."